छोटे कॅबिनेट, मोठे ग्राफिक्स कार्ड : उष्णतेच्या वाटेचा एक अभ्यास

शाळेच्या स्मरणिकेत संगणकाच्या कॅबिनेटविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वसतिगृहातून बाहेर पडलेले आमचे अनेक विद्यार्थी आज ॲनिमेशन, चित्रफितींचे संपादन, स्थापत्याचे आराखडे, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा विषयांचे शिक्षण घेत आहेत. या कामांना बहुधा शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड लागते. हे विद्यार्थी राहतात मात्र नाशिकरोड, पुणे किंवा ठाण्यातील एखाद्या खोलीत, तिघाचौघांच्या सोबतीने. टेबल एकच, तेही लहान. शिवाय सुट्टीत यंत्र बरोबर घेऊन गावी यावयाचे असते. साहजिकच त्यांना छोटे कॅबिनेट हवे असते, आणि त्यात बसवावयाचे कार्ड मोठे असते. अशा कार्डाची किंमत कित्येकदा घरच्या काही महिन्यांच्या मिळकतीइतकी असते. म्हणून पालक आम्हांस विचारतात, "गुरुजी, एवढे पैसे घालून घेतलेले यंत्र उन्हाळ्यात बंद तर पडणार नाही ना?"

या प्रश्नाचे उत्तर पाठाच्या रूपाने देण्याचा हा प्रयत्न आहे. आमचे सांगणे थोडक्यात असे : छोट्या कॅबिनेटात मोठे कार्ड सुखाने नांदू शकते, परंतु पैसे मोजण्यापूर्वी जागेचे माप आणि उष्णतेची वाट या दोन गोष्टी कागदावर मांडून पाहिल्या पाहिजेत. दोन्हींना लागणारे गणित आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला येणारे आहे.

१. उष्णता जाते कोठे?

ग्राफिक्स कार्ड ४५० वॅट वीज घेते, याचा अर्थ ते ४५० वॅट उष्णता बाहेर टाकते. विजेतून चित्रे, गणिते आणि उत्तरे निर्माण झाली, तरी घेतलेली जवळजवळ सारी ऊर्जा शेवटी उष्णतेच्याच रूपाने खोलीत येते. घरातील साधी इस्त्री ७५० ते १००० वॅटची असते. म्हणजे असे एक कार्ड पूर्ण कामाला लागले की अर्धी इस्त्री तासन्‌तास चालू ठेवल्यासारखेच होय.

कॅबिनेट लहान घेतल्याने ही उष्णता वाढत नाही आणि मोठे घेतल्याने कमी होत नाही. फरक पडतो तो ती बाहेर पडण्याच्या वाटेत. मोठ्या कॅबिनेटात हवा इकडून तिकडून वाट काढते व मांडणीतील चुका पोटात घालते. छोट्या कॅबिनेटात वाट आपण आखावी लागते.

२. आपल्या राज्यातील तीन यंत्रे

हा प्रश्न घरगुती संगणकापुरता नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि मुख्य यंत्राचे पोलादी कपाट १८ फूट लांब, अडीच फूट रुंद व ८ फूट उंच होते. हे आकारमान दहा हजार लिटरांच्या घरात जाते. प्रत्येक निर्वात नळीत तापलेली तार असे. यंत्र प्रशस्त होते, उष्णता मोठ्या पृष्ठभागावर पसरलेली होती.

यानंतर साठ वर्षांनी, २०२० मध्ये, पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक पुढे आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यातील जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत त्याला ६३वे स्थान मिळाले. तो एनव्हिडिया कंपनीच्या 'डीजीएक्स ए१००' या यंत्रांपासून उभारलेला आहे. अशा प्रत्येक यंत्रात चारशे वॅटचे आठ ग्राफिक्स प्रोसेसर असतात आणि एक यंत्र जास्तीत जास्त साडेसहा किलोवॅट वीज घेते. त्याची पेटी सुमारे २६४ मिलिमीटर उंच, ४८२ मिलिमीटर रुंद व ८९७ मिलिमीटर खोल, म्हणजे अंदाजे ११४ लिटरांची असते. भागाकार केला तर लिटरमागे सुमारे ५७ वॅट उष्णता येते.

आता हाच भागाकार विद्यार्थ्याच्या टेबलावरील यंत्रासाठी करू. ४५० वॅटचे कार्ड, १०० वॅटच्या आसपासचा प्रोसेसर आणि उरलेले भाग मिळून ६०० वॅट धरू. कॅबिनेट दहा लिटरांचे असेल, तर लिटरमागे ६० वॅट! महासंगणकाच्या पेटीत जेवढी उष्णता दाटलेली असते, तेवढीच या छोट्या कॅबिनेटात दाटते. तेथे वातानुकूलित दालन असते, अहोरात्र गर्जणारे पंखे असतात आणि देखभालीला अभियंते असतात. येथे दहा बाय दहाची खोली व छताचा पंखा. हेच कॅबिनेट अठरा लिटरांचे घेतले, तर आकडा ३३ वॅटवर येतो. आणि अठरा लिटर म्हणजे पाण्याच्या नेहमीच्या वीस लिटरी जारपेक्षाही कमी जागा. सर्वांत लहान कॅबिनेटाचा हट्ट सोडला की अर्धा प्रश्न सुटतो, तो असा.

तिसरे उदाहरण पुण्याच्याच आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकाचे. तेथे उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवाचा उपयोग केलेला आहे. तापणाऱ्या भागांना लगटून बसविलेल्या पट्ट्यांतून द्रव फिरतो. या पद्धतीचा विचार पुढे येईलच.

३. मापाचा पाठ

छोट्या यंत्रात बहुधा 'मिनी-आयटीएक्स' मदरबोर्ड वापरतात. तो १७० मिलिमीटर लांबी-रुंदीचा चौरस असतो. नेहमीचा 'एटीएक्स' मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर असतो. वीज पुरविणारा एसएमपीएसही लहान, 'एसएफएक्स' मापाचा लागतो. त्याचे माप १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर. या दोन्ही भागांनी अंग चोरले, पण ग्राफिक्स कार्ड मात्र वाढतच गेले. एनव्हिडियाचे स्वतःचे 'आरटीएक्स ४०९०' कार्ड ३०४ मिलिमीटर लांब, १३७ मिलिमीटर उंच व ६१ मिलिमीटर जाड आहे. म्हणजे ते मदरबोर्डाच्या जवळजवळ दुप्पट लांब! इतर कंपन्यांची त्याच नावाची कार्डे याहूनही मोठी असतात. म्हणून कार्डाच्या नावावर न जाता त्या विशिष्ट कार्डाच्या खोक्यावरील तीन मापे पाहावीत.

*लांबी.* कॅबिनेटाच्या माहितीपत्रकात "कार्ड ३३० मिलिमीटरपर्यंत" असे लिहिलेले असते. हे माप बहुधा पुढील बाजूस काहीही बसविलेले नसतानाचे असते. पुढे रेडिएटर बसविला तर त्याचे २७ आणि फॅनचे २५ असे ५२ मिलिमीटर वजा होतात. उरले २७८, आणि कार्ड ३०४. खरेदीनंतर हे उमगले तर उपाय उरत नाही.

*उंची.* कार्डाच्या १३७ मिलिमीटरच्या वर विजेची केबल येते. सोळा पिनांच्या नव्या केबलला जोडणीपासून सुमारे ३५ मिलिमीटरपर्यंत वाकवू नये, असा सल्ला दिला जातो. तेव्हा कार्डाची उंची अधिक केबलचा वळसा, ही खरी उंची होय.

*जाडी.* कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसते, त्या दोन स्लॉटांमधील अंतर २०.३२ मिलिमीटर असते. तीन स्लॉटांचे कार्ड म्हणजे ६१ मिलिमीटर. कॅबिनेटात जागा तेवढीच असून पलीकडे काच असेल, तर कार्ड बसेल, परंतु त्याचे फॅन काचेला तोंड लावून गुदमरतील.

या गोंधळावर तोडगा म्हणून एनव्हिडियाने २०२४ मध्ये छोट्या कॅबिनेटांसाठी योग्य कार्डांची एक मर्यादा जाहीर केली : लांबी ३०४, केबलच्या वळशासह उंची १५१ आणि जाडी ५० मिलिमीटर. या मापाचा उल्लेख असलेले कार्ड व कॅबिनेट मिळाले, तर निवड सोपी होते.

आम्ही विद्यार्थ्यांना एक साधा प्रयोग करावयास सांगतो. पुठ्ठ्याचा तुकडा कापून कार्डाच्या मापाचे हुबेहूब खोके तयार करावे. दुसऱ्या पुठ्ठ्याने कॅबिनेटाची आतील जागा आखावी. केबलच्या जागी दोरी वळवून पाहावी. यास खर्च काहीच येत नाही आणि हजारो रुपयांची फसगत टळते.

४. हवेचा हिशेब

आता उष्णतेची वाट. उन्हाळ्यात देवळालीच्या हवेतील एक लिटर हवा एका अंशाने तापविण्यास सुमारे १.१ ज्यूल उष्णता लागते. आपला परिसर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच असल्यामुळे येथील हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ आहे, तेही यात धरलेले आहे. आत शिरलेली हवा दहा अंशांनी तापून बाहेर पडावी असे ठरविले, तर प्रत्येक लिटर हवा सुमारे ११ ज्यूल घेऊन जाईल. ६०० वॅट म्हणजे दर सेकंदास ६०० ज्यूल. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ५५ लिटर हवा हवी. अठरा लिटरांच्या कॅबिनेटातील सारी हवा दर सेकंदास तीन वेळा बदलली पाहिजे!

१२० मिलिमीटरचा सामान्य फॅन मोकळ्यावर सेकंदाला २५ लिटरांच्या आसपास हवा ढकलतो. जाळी, धूळगाळणी व केबलांची गर्दी आड आली की त्याचे काम निम्म्यावर येते. असे तीन फॅन लावले तर सुमारे ३७ लिटर हवा मिळेल आणि ती पंधरा अंशांनी तापेल. यंत्र ३०० वॅटचे असेल, तर तेच तीन फॅन हवेला साडेसात अंशांवर रोखतील.

येथे मांडणीचे महत्त्व कळते. कार्डाला कॅबिनेटातील तापलेली हवा ओढावी लागली, तर हे पंधरा अंश त्याच्या माथी बसतात. कार्डाचे फॅन जाळीच्या भिंतीला लागून असतील व बाहेरची ताजी हवा थेट ओढत असतील, तर हा भार टळतो. म्हणून अनेक छोट्या कॅबिनेटांत कार्ड मदरबोर्डाच्या पाठीशी उभे ठेवून रायझर नावाच्या लवचीक पट्टीने जोडतात. एका बाजूच्या जाळीतून कार्ड श्वास घेते, दुसऱ्या बाजूच्या जाळीतून प्रोसेसर. तापलेली हवा वरून किंवा मागून बाहेर जाते.

आपल्या कॅम्पातील जुने बंगले पाहावेत. उंच छत, भिंतीच्या वरच्या अंगाला झरोके, पुढे व्हरांडा. सावलीतली हवा खालून आत येते व तापलेली वरून निघून जाते. कॅबिनेटातही हीच दिशा ठेवणे चांगले. एवढे मात्र ध्यानात असावे की बंगल्यात हवा आपल्या गतीने चढते. कॅबिनेटात फॅनच्या रेट्यापुढे हा चढ फार दुबळा असतो. उलटा बसविलेला एक फॅन साऱ्या रचनेवर पाणी फिरवितो. फॅनच्या ज्या बाजूला मोटारीला आधार देणाऱ्या पट्ट्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. खात्री करण्यासाठी कागदाची पातळ पट्टी जाळीजवळ धरावी. ती जाळीला चिकटली तर हवा आत जाते आहे, दूर फडफडली तर बाहेर येते आहे.

५. वैशाखातील परीक्षा

दिवाळीच्या सुमारास यंत्र जोडले जाते. तेव्हा खोलीत वीस-बावीस अंश असतात आणि सारे काही उत्तम चालते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या जवळ जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहूनही अधिक होतो. खोलीचे तापमान जितके अंश वाढेल, साधारणतः तितकेच अंश कार्डाचे तापमानही वाढते. डिसेंबरात ६८ अंशांवर राहणारे कार्ड मे महिन्यात ८५ अंशांवर पोहोचते. या सीमेजवळ आले की कार्ड स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करू लागते. विकत घेतलेली शक्ती मग वापरता येत नाही. म्हणून थंडीत चाचणी घेताना किमान पंधरा-वीस अंशांची शिल्लक हाती असावी.

यावर एक बिनखर्ची उपाय आहे. बहुतेक कार्डांची वीज घेण्याची मर्यादा त्यांच्या संगणकीय प्रणालीतून कमी करता येते. वेग वाढविताना विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. त्यामुळे वेगाचा शेवटचा थोडा भाग फार महाग पडतो. मर्यादा शंभरावरून ऐंशी टक्क्यांवर आणली तर उष्णता पाचव्या हिश्श्याने घटते, काम मात्र बहुधा त्याहून बरेच कमी घटते. छोट्या कॅबिनेटाच्या प्रत्येक मालकाने हा उपाय प्रथम करावा.

उन्हाळ्यातील धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांचाही विचार हवा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवली, तर फटींतून धूळ ओढली जात नाही. ती गाळणीवरच अडते. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला गाळणी झटकावी. यंत्र जमिनीवर, अंथरुणावर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नये. चारही बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडावी.

६. पाण्याचा मोह

पाण्याने थंड होणारे यंत्र घ्यावे काय, असे पुष्कळ जण विचारतात. ठरावीक आकारमानाचे पाणी तितक्याच हवेपेक्षा साडेतीन हजारांहून अधिक पट उष्णता वाहून नेते. म्हणून महासंगणकांत त्याला मान आहे. परंतु पाणी उष्णता केवळ एका जागेवरून दुसरीकडे नेते. रेडिएटरमधून ती शेवटी त्याच खोलीतील हवेत सोडावी लागते, आणि रेडिएटरला फॅनसह ५२ मिलिमीटर जागा द्यावी लागते. प्रोसेसर फार तापणारा असेल व कॅबिनेटात वरच्या बाजूस जागा असेल, तर रेडिएटर उपयोगी पडतो. त्याचा वरचा भाग पंपापेक्षा उंच ठेवावा, म्हणजे हवेचे बुडबुडे पंपात अडकत नाहीत. शंभर वॅटच्या आतील प्रोसेसरला चांगला हीटसिंक व फॅन पुरेसा आहे.

७. सुरक्षितता

आकाराच्या व तापमानाच्या गोष्टी चुकल्या तर पैसा जातो. विजेची गोष्ट चुकली तर जिवाशी गाठ असते. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, आठ पिनांच्या एका जोडणीतून १५० वॅट आणि नव्या सोळा पिनांच्या जोडणीतून ६०० वॅटपर्यंत. ६०० वॅट बारा व्होल्टवर म्हणजे पन्नास अँपिअर प्रवाह! २०२२ मध्ये या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी अनेक देशांतून आल्या, आणि जोडणी पूर्ण आत न बसणे हे त्यामागील एक मुख्य कारण आढळले. तेव्हा जोडणी फट न राहता घट्ट बसविली आहे, हे कॅबिनेट बंद करण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. छोट्या कॅबिनेटात झाकण लावताना केबल दाबली जाते, हे विशेष लक्षात ठेवावे.

एसएमपीएस नामांकित व पुरेशा क्षमतेचा घ्यावा. ६०० वॅटच्या यंत्राला ७५० वॅटचा योग्य. खोलीच्या विजेला अर्थिंग आहे, याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. रात्रभर काम चालू ठेवून त्याच बंद खोलीत झोपण्याची सवय असेल, तर खिडकी उघडी असावी. ६०० वॅटचे यंत्र आठ तास पूर्ण क्षमतेने चालले तर जवळजवळ पाच युनिट वीज जाते, आणि ती सारी उष्णता होऊन खोलीतच राहते.

८. पालकांसाठी

खरेदीपूर्वी पालकांनी पाल्याला चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. अभ्यासक्रमाला नेमके कोणते कार्ड पुरेसे आहे? ते किती वॅटचे? त्याची तिन्ही मापे कॅबिनेटात बसतात काय? तापलेली हवा कोणत्या बाजूने बाहेर जाणार? या प्रश्नांची उत्तरे पाल्याने कागदावर आकृती काढून दिली, तर त्याच्या हाती पैसे देण्यास हरकत नाही. उत्तरे नसतील तर महिनाभर थांबावे.

पुष्कळदा पहिल्याच प्रश्नाला असे उत्तर निघते की, मोठ्या कार्डाची गरज नाही. 'आरटीएक्स ४०६०' हे कार्ड ११५ वॅटचे आहे. शिकण्याच्या काळातील बरेचसे काम त्यावर होते, ते छोट्या कॅबिनेटात सहज मावते आणि उन्हाळाही सोसते. मोठ्या कार्डाची खरी गरज ज्याला आहे, त्याने ते अवश्य घ्यावे; घर लहान आहे म्हणून मागे राहू नये. अठरा-वीस लिटरांचे हवेशीर कॅबिनेट, जाळीला लागून बसलेले कार्ड, ऐंशी टक्क्यांवर आणलेली मर्यादा आणि घट्ट बसविलेली केबल, एवढी तयारी असली की यंत्र वैशाखातही काम देईल.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात स्थिरावले आहेत, त्यांना आमची विनंती आहे की, आपल्या गावाकडचा एखादा धाकटा विद्यार्थी पहिले यंत्र घेणार असेल, तेव्हा त्याच्याबरोबर दुकानात जावे, आणि जाताना मोजपट्टी बरोबर न्यावी.